कोकराची तंगडी



'आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स' ही मालिका अमेरिकन दूरचित्रवाणीवर २ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झाली. दर आठवड्याला नवी कथा, नवी पात्रे. अवधी जाहिरातींसह अर्धा तास. एरवीच्या मालिकेत नायक पुढच्या आठवड्यात परत यायचा असतो, म्हणून प्रेक्षक निर्धास्त. येथे ती हमी नाही. भीतीचे मूळ तेथे आहे. हसण्याचे मात्र अन्यत्र.

१९५८ साली दाखविलेली रोआल्ड डाल यांची कथा पाहावी. पोलीस अधिकारी असलेला नवरा गर्भवती पत्नीला सोडून जात असल्याचे सांगतो. ती कोकराच्या गोठलेल्या तंगडीने त्याचा जीव घेते आणि तीच तंगडी भाजून तपासाला आलेल्या पोलिसांना आग्रहाने वाढते. हत्याराची चर्चा जेवता जेवता चालू राहते! प्रेक्षक हसतो, आपण खुनी बाईच्या पक्षाला जाऊन बसलो, हे त्याला हसून झाल्यावर कळते.

गुन्हेगार सुटता कामा नये, हा त्या काळच्या दूरचित्रवाणीचा दंडक. हिचकॉक तो अखेरच्या निवेदनात पाळीत, पण असा, की कोणी विश्वास ठेवू नये. बाईंनी दुसऱ्या नवऱ्यावरही तोच प्रयोग केला. परंतु तो विसराळू, फ्रीजरचा प्लग लावायचाच राहिला आणि मांस मऊ पडले, असे ते गंभीर चेहऱ्याने सांगतात. नीतीची इतकी सभ्य थट्टा विरळाच.

या मालिकेतील पुष्कळ कथा आधी छापील पानांवर आलेल्या होत्या. तंगडीची कथाही 'हार्पर्स' मासिकाच्या वाचकांनी १९५३ सालीच वाचली होती.