उघडे दार
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्याला लाभलेल्या तारणाची सुवार्ता दुसऱ्याला कशी सांगावी, यावर मी दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली आहे. मी काही विदुषी नाही. चुकून जे शिकले, तेवढेच सांगते.

मागे आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा तापाने अंथरुणाला खिळला होता. मी रोज पेज घेऊन जाई, आणि पेजेबरोबर उपदेशही. एके दिवशी वहिनी म्हणाल्या, "ताई, पेजेची एवढी किंमत असेल, तर उद्यापासून आणू नका." मी खाली मान घालून घरी आले.

त्या रात्री मला पंडिता रमाबाई आठवल्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त पुढे कितीतरी वर्षांनी भेटला, असे त्यांनीच आपल्या साक्षीत सांगितले आहे. एवढ्या थोर बाईला जर इतका काळ लागला, तर मी वहिनींना घाई करणारी कोण?

१८८९ साली रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. तिथे धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार मात्र लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. १८९३ साली त्यावरून मोठा गहजब झाला. सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. लेकी विश्वासाने ठेवलेल्या पालकांचे दुःखही मला समजते. पण रमाबाईंनी कोणाला ओढून आणले नाही, आणि दारही लावले नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पेज नेली. वहिनींची क्षमा मागितली, आणि गप्प बसले. मुलगा बरा झाल्यावर एकदा त्यांनीच विचारले, "ताई, रोज डोळे मिटून तुम्ही काय म्हणता हो?" तेव्हा मात्र मी सारे सांगितले. प्रभूने मला कसे हाक मारून बोलावले, माझे मन कसे निवले, ते सगळे.

वहिनी आजही आपल्या देवघरात दिवा लावतात, आणि आज इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. भगिनींनो, हाक मारणारा प्रभू आहे. आपण दार उघडे ठेवावे, विचारले तर खरे सांगावे, आणि पेज मात्र विनाअट न्यावी.