खलपुरुष आणि हलका कान

(अवसरी बुद्रुक येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



यात्रेतला तमाशा आपण सर्वांनी पाहिला आहे. नारायणगावचे फड आपल्याला परके नाहीत. वगातला दुष्ट माणूस पुढे आला, की शेवटच्या रांगेतल्या पोरालाही तो ओळखू येतो. संसारात मात्र घर बुडविणारा माणूस असा ओळखू येत नाही. थोर शोकांतिका हेच शिकवितात. म्हणून आज तीन हेतू आणि तीन खलपुरुष आपल्यापुढे ठेवतो.

पहिला हेतू सत्तेचा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या प्रकरणावर खाडिलकरांनी १९०९ साली 'भाऊबंदकी' लिहिले. राघोबादादा आणि आनंदीबाई यांना गादी हवी होती. शेक्सपिअरच्या मॅकबेथलाही तेच हवे होते. हा हेतू उघड असतो, म्हणून रामशास्त्री त्याला तोंडावर जाब विचारू शकतात.

दुसरा हेतू मत्सराचा. 'ऑथेल्लो' नाटकातला आयागो आपल्याला बढती मिळाली नाही म्हणून जळतो. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली हेच नाटक 'झुंझारराव' या नावाने मराठीत आणले. आयागो आपल्या द्वेषाची कधी एक कारणे सांगतो, कधी दुसरी. शेवटी पकडला गेल्यावर तर तोंडच उघडत नाही. त्याने स्वतः डेस्डिमोनाला हात लावला नाही. एका हातरुमालाचे निमित्त करून तिच्या नवऱ्याच्या कानात विष ओतले. एमिलिया तिच्या पावित्र्याची ग्वाही देत होती, ती ऑथेल्लोने मानली नाही. 'कॅसिओला बोलावून विचारा' असे डेस्डिमोनाने अखेरच्या घटकेला विनविले, तेही ऐकले नाही. रणांगणावरचा शूर सेनापती, पण कानाचा हलका!

तिसरा हेतू सोबतीचा. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला तळीराम सुधाकराचा वैरी नाही. सुधाकराची वकिलीची सनद काही काळासाठी जाते, तो अपमानाने पोळतो, तेव्हा तळीराम दुःख विसरायला प्याला पुढे करतो. दारुड्याला सोबती हवा असतो, एवढेच. पुढे सुधाकर, सिंधू आणि त्यांचे तान्हे मूल, कोणीच वाचत नाही. विद्यार्थी मित्रांनो, हा तिसरा खलपुरुष तुमच्या वयाला सर्वांत जवळचा आहे. तो खांद्यावर हात टाकून येतो. नापास झालेल्या दिवशी, बोलणी खाल्लेल्या दिवशी येतो. त्या दिवशी मित्र पारखून घ्या.

पालकांनो, आता आपल्याविषयी. एक घर माझ्या माहितीतले आहे. मुलगी एसटीने मंचरला कॉलेजात जात असे. कोणीतरी येऊन सांगितले, 'तुमची मुलगी स्टँडवर एका मुलाशी बोलत होती.' दुसऱ्या दिवसापासून तिचे कॉलेज बंद. तिला कोणी काही विचारलेच नाही. तो मुलगा तिच्या मैत्रिणीचा भाऊ होता. आजारी बहिणीसाठी वही न्यायला आला होता. हे दोन वर्षांनी कळले. तोवर तिचे लग्न होऊन गेले होते. सांगणारा कोण होता, त्याचा हेतू काय होता, हे आजही कोणाला ठाऊक नाही. आयागोसारखाच तो गप्प राहिला.

कुरआन शरीफच्या सूरह हुजुरातमध्ये खबर आणणाऱ्याच्या बोलण्याची शहानिशा करण्याचा हुकूम आहे. अजाणता कोणाचे नुकसान होऊन मागून पस्तावा होऊ नये, हे त्याचे कारणही तेथेच दिले आहे. सूरह फलकमध्ये मत्सर करणाऱ्यापासून पनाह मागितली आहे. हे आपण रोज पढतो, पण घरात खबर आली की विसरतो.

दुष्टाचा हेतू आपल्या हातात नाही. आपला कान मात्र आपल्या हातात आहे. मुलीचे पुस्तक मिटण्यापूर्वी तिला समोर बसवून एकदा विचारा आणि ती काय सांगते ते शेवटपर्यंत ऐका.