फरशी निवडताना, बसवताना

घरात नवी फरशी घालायची म्हटलं की आपण आधी रंग बघतो. पण दुकानात टाइल उलटी करून मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब लगेच मुरला, तर ती साधी सिरॅमिक. ती सिमेंटच्या मालावर बसवायची तर आधी पाण्यात भिजवायलाच हवी. कोरडी बसवली की मालातलं पाणी शोषते आणि पकड कच्ची राहते. व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का पाणी पिते, म्हणून तिला टाइल अ‍ॅडहेसिव्हच बरं.

न्हाणीघरात चकचकीत टाइल नकोच, घरात वयस्कर माणसं असतील तर अजिबात नको. मॅट, अँटी-स्किड घ्या. उतार जाळीकडे आहे ना, हे मिस्त्रींसमोरच पाणी ओतून बघा.

सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच हवा. साधारण 10 टक्के टाइल जास्त घ्या. तीच छटा पुन्हा मिळेलच असं नाही.

माल सुकल्यावर प्रत्येक टाइल नाण्याने वाजवा, विशेषतः कोपऱ्यांत. आवाज पोकळ आला, तर खाली माल नीट भरलेला नाही. ती टाइल काढून पुन्हा बसवून घ्या, मगच सांधे भरू द्या.