सरहद्द ओलांडणारा विद्यार्थी

हिंगोलीहून वाशिमकडे जाणाऱ्या सडकेवर कनेरगाव नाका लागतो. आज तेथें मोटार थांबलीच तर चहासाठीं किंवा उतारू घेण्यासाठीं थांबते. मराठवाडा संपला आणि विदर्भ लागला, हें प्रवाशाला कोणी मुद्दाम सांगितलें तरच कळावें. परंतु गांवाच्या नांवांतला 'नाका' हा शब्द उगीच आलेला नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत या बाजूस निजामाचें हैदराबाद संस्थान होतें आणि पलीकडे वऱ्हाड. संस्थानच्या सीमेवर मालावर जकात घेतली जाई. तिला करोडगिरी म्हणत.

वऱ्हाडाचा पेंच तर याहूनही विलक्षण होता. १८५३ च्या तहानें तो मुलूख इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला आणि १९०२ मध्यें कायमच्या पट्ट्यानें त्यांच्याकडेच राहिला. तरी त्यावरील सार्वभौमत्व निजामाचें आहे, हें १९३६ च्या करारांतही मान्य करण्यांत आलें. म्हणजे नाक्याच्या एका अंगाचा शेतकरी निजामाच्या राज्यांत आणि निजामाच्याच अंमलाखालीं. दुसऱ्या अंगाचा शेतकरी निजामाच्या सार्वभौमत्वाखालीं, पण नागपूरच्या अंमलाखालीं! दोघांची बोली एक, सोयरीक एक, आठवड्याचा बाजारही एक. माणूस कोणाचा, हें त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलें नसतें. कोणत्या तरी कचेरीच्या दप्तरांत लिहिलेलें असतें, आणि तें दप्तर बहुधा त्याच्या हातीं नसतें.

परदेशीं शिकावयास निघालेल्या विद्यार्थ्याला याचा अनुभव सर्वांत आधीं येतो. १८८३ मध्यें आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां पासपोर्ट आणि व्हिसा यांचें राज्य अद्याप सुरू झालें नव्हतें. तें आणलें पहिल्या महायुद्धानें. आणि १९२० च्या कायद्यानें हिंदुस्थानांत तें कायम झालें. त्या दिवसांत पुण्यास जन्मलेला विद्यार्थी पासपोर्टावर 'ब्रिटिश प्रजाजन' ठरे, आणि हिंगोलीस जन्मलेला 'ब्रिटिशांच्या संरक्षणाखालील व्यक्ति'. एकाच बोटीनें, एकाच विद्यापीठाकडे निघालेल्या दोन मराठी मुलांचीं हीं दोन वर्णनें!

दप्तरांतून नांव निघालें म्हणजे काय होतें, हें या सरहद्दीनें एकदां फार जवळून पाहिलें आहे. १९३८ मध्यें औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजांत आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाली. बंदी मानण्यास विद्यार्थ्यांनीं नकार दिला, संप झाला, आणि शेंकडों विद्यार्थ्यांचीं नांवें कमी करण्यांत आलीं. नांव कमी होणें हा शब्दप्रयोग सौम्य वाटतो; त्याचा अर्थ सौम्य नव्हता. एका विद्यापीठांतून दुसऱ्यांत जावयाचें तर पहिल्याचा दाखला लागतो, आणि शिस्तभंगासाठीं काढलेल्या मुलाला तो कोण देणार? त्यांत उस्मानियाचें शिक्षण उर्दू माध्यमांतून झालेलें. अशा मुलांसाठीं नागपूर विद्यापीठानें दार उघडलें. कुलगुरु टी. जे. केदार यांनीं त्यांना प्रवेश देण्याचें धाडस केलें. पुढें देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंहराव हेही या काढलेल्या विद्यार्थ्यांपैकींच. त्यांचें पुढील शिक्षण नागपूर आणि पुणें येथें झालें. हिंगोलीच्या बाजूच्या मुलाला नागपूरची जवळची वाट याच सडकेनें होती. निजामाच्या राज्यांत ज्याचें नांव खोडलें गेलें, त्याचें नांव सरहद्दीपलीकडे दुसऱ्या वहींत चढलें, आणि त्याचें वर्ष बुडालें तरी आयुष्य बुडालें नाहीं. यांत कुलगुरूंच्या औदार्याचा वांटा मोठा, हें खरेंच. परंतु भूगोलाचाही वांटा होता. पलीकडची भाषा ओळखीची होती, आणि तेथें पोंचावयास व्हिसा लागत नव्हता.

आजच्या विद्यार्थ्याला हा भूगोल लाभत नाहीं. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षांत अमेरिकेंत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते, असें तेथील 'ओपन डोअर्स' या वार्षिक पाहणींत नमूद आहे. त्यांत मुंबई-पुण्याप्रमाणेंच हिंगोली-वाशिमकडचेही मुलगे-मुली आहेत. घरचीं माणसें व्हिसा मिळाल्याच्या दिवशीं पेढे वांटतात आणि कागदांचें काम संपलें असें समजतात. वस्तुतः तें त्या दिवशीं सुरू होतें.

व्हिसा आणि रहिवासाचा दर्जा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हें आईबापांनीं प्रथम समजून घ्यावें. व्हिसा म्हणजे दारावर येऊन प्रवेश मागण्याचा परवाना. आंत गेल्यावर त्याचें काम संपतें. आंत राहण्याचा हक्क ठरतो तो विद्यापीठानें दिलेल्या आय-२० या पत्रावरून, प्रवेशाच्या वेळीं झालेल्या आय-९४ या नोंदीवरून, आणि विद्यार्थ्याच्या वागण्यावरून. म्हणून एखाद्याच्या पासपोर्टावरील व्हिशाची मुदत शिकतां शिकतां संपली, तरी त्याच्या राहण्यास बाध येत नाहीं. मात्र तो भाच्याच्या मुंजीला घरीं आला, तर परततांना त्याला नवा व्हिसा लागतो. उलट, दुसऱ्याच्या व्हिशाला अजून तीन वर्षें शिल्लक असतील आणि तरीही त्याचा दर्जा गेलेला असेल. तो कशानें जातो? विषय जड वाटला म्हणून न विचारतां सोडून देण्यानें. पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रांत साधारणपणें निदान बारा क्रेडिटांचा अभ्यास चालू ठेवावा लागतो; तो कमी करावयाचा तर परदेशी विद्यार्थ्यांसाठीं नेमलेल्या अधिकाऱ्याची अनुज्ञा आधीं घ्यावी लागते. मागाहून दाखविलेलें डॉक्टरचें पत्र ही अनुज्ञा नव्हे. दर्जा जातो तो पेट्रोलपंपावर किंवा ओळखीच्या माणसाच्या दुकानांत चार पैशांसाठीं केलेल्या नोकरीनेंही. सत्र चालू असतांना विद्यापीठाच्या आवारांत आठवड्यास वीस तास काम चालतें. आवाराबाहेर परवानगीवांचून एक तासही चालत नाहीं. खोली बदलली तर दहा दिवसांच्या आंत नवा पत्ता कळवावा लागतो. अभ्यास लांबला तर आय-२० वरील शेवटची तारीख उलटण्यापूर्वींच मुदत वाढवून घ्यावी लागते. 'आधीं' या शब्दाला या व्यवहारांत जें महत्त्व आहे, तें दुसऱ्या कोणत्याही शब्दाला नाहीं. गेलेला दर्जा परत मिळविण्यासाठीं अर्ज करतां येतो, परंतु तोही साधारणपणें पांच महिन्यांच्या आंत. आणि देणें न देणें सरकारच्या मर्जीवर.

ही देखरेख नवी नाहीं. अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्यानें आशियांतील लोकांना जवळजवळ दार लावलें, पण खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसाठीं फट ठेवली. आणि त्या फटीला अट अशी घातली कीं, असा विद्यार्थी शाळा सोडून गेल्यास शाळेनें तें सरकारला कळवावें. तेव्हां तें पत्रानें कळवावयाचें होतें. २००३ पासून सेव्हिस नांवाच्या यंत्रनोंदींत तें तत्काळ दिसूं लागलें. आणि यंत्राच्या नोंदीही चुकतात किंवा खोडल्या जातात. १९३८ ची आठवण व्हावी असा प्रकार २०२५ च्या वसंतांत घडला : हजारों परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी, कित्येकांच्या अगदीं क्षुल्लक पोलीस-प्रकरणांवरून, सरकारनें एकाएकीं बंद केल्या. विद्यार्थी न्यायालयांत गेले, आणि एप्रिलच्या अखेरीस त्या नोंदी पूर्ववत् करण्याचें सरकारनें जाहीर केलें. अशा वेळीं वकिलाला पहिली गरज पडते ती कागदांची : आजवरचीं सर्व आय-२० पत्रें, आय-९४ ची प्रत, गुणपत्रकें, शुल्काच्या पावत्या, अधिकाऱ्याशीं झालेला पत्रव्यवहार. जुनें आय-२० नवें आल्यावर फाडून टाकण्याची चूक पुष्कळांच्या हातून होते. त्याच वर्षीं ऑगस्टांत आणखी एक प्रस्ताव पुढें आला. विद्यार्थ्याच्या नोंदीवर दीर्घकाळ 'शिक्षण चालू असेतों' अशा अर्थाची मुदत लिहिली जात आली होती. तिच्या जागीं ठराविक तारीख घालावी, असा तो प्रस्ताव. तेव्हां दुसऱ्याच्या सांगण्यावर न विसंबतां प्रत्येकानें स्वतःच्या नोंदीवर काय लिहिलें आहे तें वाचावें.

घरून करतां येण्यासारखें एक काम राहतें, तें नांवाचें. महाराष्ट्राच्या शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर आधीं आडनांव, मग स्वतःचें नांव, मग वडिलांचें नांव छापलेलें असतें. पासपोर्टांत आडनांवाचा रकाना वेगळा आणि उरलेल्या नांवांचा वेगळा. त्यांतून एकाच मुलीचीं तीन ठिकाणीं तीन नांवें होतात. कोठें वडिलांचें नांव तिचें मधलें नांव ठरतें, कोठें तें तिच्याच नांवाला जोडून एक लांबलचक शब्द बनतो. रोमन लिपींत 'शिंदे' किंवा 'चव्हाण' लिहिण्याचे किती प्रकार आहेत, हें कोणत्याही शाळेच्या हजेरीपत्रकांत पाहावें. हे फरक मॅट्रिकच्या वर्षींच दुरुस्त होतात. वीस वर्षांच्या मुलीला सातासमुद्रांपलीकडून तें करणें फार कठीण पडतें.

आपल्याकडे शिकावयास येणाऱ्यांनाही असेच नियम आहेत. एकशेंऐंशी दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिशावर भारतांत आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला चौदा दिवसांच्या आंत नोंदणी करावी लागते, हा दंडक पुण्यांतील परदेशी विद्यार्थ्यांच्या अंगवळणीं पडलेला आहे. १९२० चा तो पासपोर्ट-कायदा आणि परदेशी लोकांविषयींचे १९३९ व १९४६ चे कायदे यांची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून एका नव्या कायद्यानें घेतली. नियम पाळूनही कधीं कधीं काय ओढवतें, तें अफगाण विद्यार्थ्यांनीं पाहिलें. २०२१ च्या ऑगस्टांत काबूल पडलें. त्याच महिन्याच्या २५ तारखेस भारत सरकारनें जाहीर केलें कीं, जे अफगाण त्या वेळीं भारतांत नाहींत त्यांना आधीं दिलेले सर्व व्हिसे रद्द समजावे. साथीच्या दिवसांत घरीं परतलेल्या विद्यार्थ्यांचें नांव येथील कॉलेजच्या पटावर होतें, शुल्क भरलेलें होतें, पासपोर्टावर शिक्का होता. आणि त्यांतलें कांहींच उपयोगी पडलें नाहीं. जे सुटींत घरीं न जातां पुण्याच्या खोल्यांतच राहिले होते, त्यांचे व्हिसे मात्र त्या आदेशांत आले नाहींत.