चारचौघींत वेगळे बोलताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



आठ दिवसांपूर्वी चिटणीसबाईंनी मला भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी ‘निवडणूक’ एवढेच सांगितले. त्यांचा चेहरा जरा उतरला. ‘वर्धापनदिनाला राजकारण कशाला बाई? काही आरोग्याविषयी बोला ना,’ असे त्या म्हणाल्या. मी त्यांना म्हटले, मी बोलणार आहे ते आरोग्याविषयीच, फक्त ते आपल्या मंडळाच्या आरोग्याविषयी आहे. कोणत्या पक्षाला मत द्यावे हे मी सांगणार नाही, आणि मी कोणाला दिले हेही सांगणार नाही. आपल्यातील एखादीला चारचौघींपेक्षा वेगळे वाटले, तर तिने ते कसे बोलावे आणि इतरांनी ते कसे ऐकावे, एवढाच माझा विषय आहे.

आरंभी एक जुनी हकीकत सांगते. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. तिच्यासाठी मतदारयाद्या करताना एक अडचण उभी राहिली. पुष्कळ स्त्रियांनी आपले नावच सांगितले नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशा नोंदी होऊन बसल्या. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालावयाच्या नाहीत असे ठरविले, आणि शेवटी सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. त्यांतील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा प्रांतांतील होत्या. मताचा हक्क हाती आला होता, पण तो घ्यावयाचा तर आधी स्वतःचे नाव उच्चारावे लागत होते.

हे ऐकून आज आपल्याला हसू येते. आपण आपले नाव खणखणीत सांगतो, दारावरच्या पाटीवरही लावतो. पण मत विचारले की आपणच म्हणतो, ‘आमच्याकडे सगळे अमुक पक्षाचे.’ म्हणजे नाव यादीत आले, मत मात्र अजून ‘अमक्याची बायको’ म्हणूनच नोंदलेले आहे! आणि एखादीने ते स्वतःच्या नावावर करून घेतले, तर तिचे काय होते, ते आता सांगते. ही गोष्ट आपल्याच मंडळातील आहे. जिची आहे त्या भगिनीची परवानगी घेऊनच मी ती सांगत आहे. नावे सांगणार नाही, आणि आपणही विचारू नयेत.

२०२४ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे विधानसभेची निवडणूक झाली. आपल्या मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट आहे, हे आपण जाणताच. पाणी किती वाजता येणार, हळदीकुंकू कोणाकडे, भिशीचे पैसे कोणाचे राहिले, एवढ्यासाठी तो काढलेला. त्या दिवसांत मात्र तो प्रचाराच्या संदेशांनी भरून गेला. आठ-दहा दिवस एकाच बाजूचे संदेश येत होते, आणि ते एकीनेही स्वतः लिहिलेले नव्हते. कोठून तरी आलेले पुढे ढकलायचे, त्याखाली कोणी हात जोडलेले चित्र टाकायचे, कोणी फुले टाकायची. कोणाचीच तक्रार नव्हती.

मग एके रात्री एका भगिनीने चार ओळी लिहिल्या. स्वतःच्या शब्दांत लिहिल्या. तिचे म्हणणे एवढेच होते, की हा प्रचार मला पटत नाही. आपल्या वस्तीतील पाण्याचा प्रश्न पाच वर्षांत सुटलेला नाही. तो मी मत मागावयास येणाऱ्यांना विचारणार आहे, आणि नीट उत्तर आले नाही तर माझे मत दुसरीकडे जाईल.

पंधरा मिनिटांत उत्तरे आली. एकीने विचारले, ‘तुम्हाला कोणी भरीस घातले?’ दुसरी म्हणाली, ‘घरात कोणीतरी शिकवलेले दिसते.’ तिसरीने तिच्या यजमानांच्या नोकरीचा विषय काढला. आणि चौथीने मोठ्या सभ्यपणे लिहिले, ‘हा गट राजकारणासाठी नाही. कृपया नियम पाळावा.’ भगिनींनो, हा नियम आठ-दहा दिवस कोणालाच आठवला नव्हता. तिने तोंड उघडले तेव्हाच तो आठवला. पाण्याविषयी मात्र एक अक्षरही कोणी लिहिले नाही.

हे सारे मी वाचत होते. तिचे म्हणणे मला पटले होते. पण मी फोन उशाशी ठेवला, दिवा मालवला आणि झोपले. सकाळी तिला एकटीला लिहिले, ‘तुमचे बरोबर आहे हो. मनाला लावून घेऊ नका.’ एवढे केले, आणि आपण मोठे धैर्याचे काम केले असे मला वाटले.

डिसेंबरात ती मंडळाच्या सहलीला आली नाही. भिशीतून तिने नाव काढून घेतले. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन तिच्या घरी गेले. तिने चहा केला, बसावयास दिले. मग म्हणाली, ‘ज्या माझ्याशी भांडल्या त्यांचा मला राग नाही. त्यांनी निदान उघड बोलून दाखवले. पण पाच जणींनी मला खासगीत लिहिले की तुमचे बरोबर आहे. पाच! आणि गटात मी एकटीच होते. ते एकटेपण तुम्ही पाच जणींनी मला दिले.’

माझ्याजवळ यावर उत्तर नव्हते. जाताना तिने तिळगूळ हातात घेतला आणि म्हणाली, ‘गोड बोलेन. पण गोड म्हणजे गप्प नव्हे, एवढे मंडळाला सांगा.’

तो तिचा निरोप सांगावयास मला इतके दिवस लागले.

घरी आल्यावर हे मी माझ्या मुलीजवळ बोलले. ती महाविद्यालयात मानसशास्त्र शिकविते. तिने मला सोलोमन अ‍ॅश या शास्त्रज्ञाचा एक प्रयोग सांगितला. १९५० च्या सुमारास अमेरिकेत त्यांनी तो केला. एका पत्त्यावर एक रेघ काढलेली, दुसऱ्या पत्त्यावर तीन रेघा. त्या तिघींपैकी पहिल्या रेघेएवढी कोणती, एवढेच सांगावयाचे. लहान मूलही सांगेल. पण खोलीत बसलेल्यांपैकी एकच जण खरा परीक्षार्थी असे. बाकीचे सारे आधीच पढवून ठेवलेले. ते सगळे ठरवून चुकीचे उत्तर देत. ते ऐकल्यावर त्या बिचाऱ्या एकट्याचाही धीर सुटे. अशा वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताप्रमाणे चुकीची आली.

पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. त्याच प्रयोगात पढवलेल्यांपैकी एकालाच खरे उत्तर द्यावयास सांगितले. मग त्या परीक्षार्थीची बहुमतामागे वाहवत जाण्याची उत्तरे सुमारे एक चतुर्थांशावर आली. सगळे बाजूने असावे लागत नाहीत. एक जण पुरतो. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, आपण तर पाच जणी होतो!

काही भगिनी म्हणतील, गटात दोन वाकडे शब्द आले तर एवढे काय बिघडले? बिघडते, आणि ते केवढे बिघडू शकते याचे उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर आपले मत लिहिले, आणि तिच्या मैत्रिणीने त्याला नुसती पसंती दर्शविली. त्या दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे ते प्रकरण बंद करण्यात आले. श्रेया सिंघल यांनी त्या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम घटनाबाह्य म्हणून रद्द केले. एखादे मत कोणाला रुचले नाही किंवा त्याने कोणाला चीड आली, एवढ्यावरून ते बोलणे गुन्हा ठरत नाही, असा त्याचा आपल्यासारख्यांना कळेल असा अर्थ.

निवडणुकीच्या आदर्श आचारसंहितेतही एक कलम आहे, ते फारसे कोणी वाचीत नाही. या आचारसंहितेचा आरंभ १९६० साली केरळातील निवडणुकीत झाला. सभा, मिरवणुका, पोस्टरे यांचे नियम आपल्याला ठाऊक असतात. पण तीत असेही म्हटले आहे, की एखाद्याची राजकीय मते पक्षाला कितीही नावडती असली, तरी त्याच्या घरच्या शांततेचा मान राखावा. त्याच्या मतांचा निषेध म्हणून त्याच्या दारात निदर्शने करू नयेत. मला हे फार मोलाचे वाटते. पूर्वी दारात जमाव येई तेव्हा निदान दार लावून घेता येत असे. आता जमाव फोनमधून थेट उशाशी येतो. म्हणून हे पथ्य आता पक्षांपुरते राहून चालणार नाही, ते आपणही पाळावयास हवे.

अर्थात बोलणारीवरही काही बंधने आहेत. ती मी लपवून ठेवणार नाही. आपल्या घटनेने भाषणस्वातंत्र्य दिले, तसेच बदनामी, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांनी त्याला मर्यादाही घातल्या. धर्माच्या किंवा जातीच्या नावावर मते मागणे हा निवडणूक कायद्याने भ्रष्टाचार ठरतो. मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास जाहीर सभा व प्रचार बंद ठेवावा लागतो. कायदा राहू द्या. साधी रीत म्हणूनही, वेगळे मत मांडणारीने ते एकदा नीट मांडावे, दिवसातून वीस वेळा उगाळू नये. ऐकीव गोष्ट खरी म्हणून सांगू नये. आणि समोरच्या बाईला मूर्ख समजून बोलू नये. आपण एकट्या पडलो म्हणजे आपलेच बरोबर, असेही नसते.

शिवाय मत गुप्त ठेवण्याचाही हक्क आहे. तो कायद्याने राखलेला आहे. एखादी काहीच बोलत नसेल तर ‘तुझे कोणाला?’ म्हणून तिला खोदून विचारू नये. गप्प राहणे ही तिची निवड असेल तर तिचा मान ठेवावा. मी म्हणते ते वेगळ्या गप्प राहण्याविषयी, माझ्यासारख्या भित्र्या गप्प राहण्याविषयी.

या ठिकाणी मला दुर्गाबाई भागवतांची आठवण होते. १९७५ साली देशात आणीबाणी होती. त्या वर्षीच्या डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. दुर्गाबाई अध्यक्ष होत्या, आणि स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्र सरकारातील मंत्री. पाहुण्याने यजमानाला अवघडवू नये, अशी आपली रीत. पण दुर्गाबाई लेखनस्वातंत्र्याविषयी स्पष्ट बोलल्या. जयप्रकाश नारायण तेव्हा फार आजारी होते. त्यांना आराम पडावा म्हणून प्रार्थना करण्याचे आवाहन त्यांनी केले, आणि लोक उभे राहिले. पुढे १९७६ साली दुर्गाबाईंना अटक झाली, आणि १९७७ च्या मार्चातील निवडणुकीत सत्ता बदलली. पण पुढे बहुमत तसे झाले म्हणून ते बोलणे मोठे ठरले, असे मी म्हणणार नाही. निकाल उलटा लागला असता तरी ते मोठेच होते. मला त्यात उभे राहिलेले लोकही महत्त्वाचे वाटतात. बोलण्याचे धैर्य सर्वांना नसते. पण कोणी बोलले तर उठून उभे राहणे आपल्याला जमण्यासारखे आहे.

म्हणून मंडळापुढे मी चार गोष्टी ठेवते. गटात राजकारण बंद करावयाचे असेल तर ते पहिल्या संदेशापासून आणि सर्वांना बंद असावे. चालू ठेवावयाचे असेल तर तेही सर्वांना. दुसरे, लिहावयाचे ते स्वतःच्या शब्दांत लिहावे, आलेले ढकलू नये. तिसरे, उत्तर म्हणण्याला द्यावे. तिचे यजमान, तिचे घर, तिची जात यांना मध्ये आणू नये. चौथे, जिला पटले तिने ते त्याच ठिकाणी सांगावे, आणि जिला पटले नाही तिने निदान ‘तिला बोलू द्या’ म्हणावे. निवडणूक येते आणि जाते. पापड लाटावयास, कोणाच्या आजारपणात डबा पोचवावयास आपल्याला एकमेकीच लागणार आहोत.

ती भगिनी आज या सभेला आली आहे. कोठे बसली आहे ते मान वळवून शोधू नका. त्या रात्री जे मला गटात सर्वांसमोर लिहावयास हवे होते, ते आज फार उशिरा, पण सर्वांसमोरच सांगते. बाई, पाण्याविषयीचे तुमचे म्हणणे मला पटले होते. तुम्ही एकट्या नव्हता. तुम्हाला एकट्या दिसू दिले, याबद्दल माझी आपणास क्षमायाचना आहे.