थाई कालवणाचा शोध

परक्या देशाची भाषा शिकावयास वर्षें लागतात. त्याचें कालवण मात्र एका संध्याकाळीं चाखतां येतें, असा एक समज आहे. मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत ‘थाई करी’ मागविणाऱ्या खवय्याला हा समज किती भाबडा आहे हें लौकरच कळून येतें. एका ठिकाणीं पुढें येतो तो गोडसर पांढुरका रस्सा. दुसऱ्या ठिकाणीं पालकाच्या रंगाचें दाट सूप. तिसऱ्या ठिकाणीं ढोबळी मिरची आणि मक्याचीं कोवळीं कणसें घातलेली जणूं खीरच! तिन्हींचें नांव एकच. मग खरी कोणती आणि ती ओळखावयाची कशी, हा प्रश्न उभा राहतो. तो वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. ज्यानें खरी वस्तु कधीं चाखलीच नाहीं त्याला नक्कलच खरी वाटूं लागते, आणि पुढें खरी वस्तु समोर आली तरी तो तिला नाक मुरडतो.

थायलंडचें जुनें नांव सयाम. तें १९३९ सालीं बदललें. तेथील भाषेंत अशा कालवणाला ‘गेंग’ म्हणतात, आणि त्याचे प्रकार अनेक आहेत. ‘गेंग सोम’ हें आंबट कालवण आणि ‘गेंग पा’ हें रानांतलें कालवण. या दोहोंत नारळाचें दूध नसतें. ‘गेंग फेत’ म्हणजे तिखट कालवण. उपाहारगृहाच्या यादींत तीच ‘रेड करी’ होते. ‘गेंग खियाव वान’ म्हणजे हिरवी करी. ‘खियाव’ म्हणजे हिरवा आणि ‘वान’ म्हणजे गोड. परंतु येथें गोड हें विशेषण चवीचें नसून रंगाच्या सौम्यपणाचें आहे, असें जाणकार सांगतात. या एका शब्दापायीं किती कढयांत साखरेचा चमचा अधिक पडला असेल, कोण जाणे!

आज ज्या मिरचीवांचून या कालवणाची कल्पनाच करवत नाहीं, ती मूळची अमेरिकेंतील. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें आणि १५११ सालीं मलाक्का घेतलें, आणि त्याच वर्षीं त्यांचा वकील सयामची राजधानी अयुथ्या येथें पोंचला. मिरची पूर्वेकडे पसरली ती या दर्यावर्दी व्यापाराच्या वाटेनें. थाई भाषेंत मिरचीला नुसतें ‘फ्रिक’ म्हणतात, आणि मिऱ्यांना ‘फ्रिक थाय’, म्हणजे ‘थाई फ्रिक’. पाहुणी घरधनीण झाली, आणि जुन्या घरधनिणीला आपली ओळख सांगत बसण्याची पाळी आली! या दृष्टीनें गोव्याचें तांबडें कालवण आणि सयामचें हिरवें कालवण हीं दूरचीं भावंडेंच होत.

भावंडें असलीं तरी दोघांची रीत मात्र निराळी. कोंकणांत खोबरें मसाल्याबरोबरच पाट्यावर वाटलें जातें. थाई वाटणांत खोबरें नसतें. गवती चहाचे पांढरे बुडखे, कोळिंजन, मक्रूत नांवाच्या खडबडीत लिंबाची साल, कोथिंबिरीचीं मुळें, लसूण, बारके कांदे, धने, जिरें, मिरीं, मीठ आणि तिखट हिरव्या मिरच्या दगडी खलांत कुटून एकजीव करतात. जवळ्यासारख्या बारीक कोळंबीचा आंबविलेला गोळा, ‘कपी’, त्यांत मिसळतात. नारळ येतो तो दुधाच्या रूपानें. पहिलें दाट दूध कढईंत आटवावयाचें. तें फुटून तेल सुटलें कीं त्या तेलांत वाटण परतावयाचें. त्याचा कच्चा दर्प जाऊन घमघमाट सुटला म्हणजे मांस आणि पातळ दूध घालावयाचें. खारटपणासाठीं ‘नाम प्ला’ हें आंबविलेल्या माशांचें पाणी, जोडीला थोडा ताडगूळ, आणि उतरवितांना सब्जाच्या जातीच्या तुळशीचीं पानें. सारी करामत त्या दूध फुटण्यांत आहे. एरवीं दूध फुटलें कीं गृहिणी हळहळते. येथें तें न फुटलें तर हळहळावें.

उपाहारगृहांतील पुष्कळ बिघाडांचें मूळ येथेंच सांपडतें. डब्यांत भरलेलें नारळाचें दूध पुष्कळदां फुटूंच नये अशा बेतानें घोटलेलें असतें, आणि त्यांत त्यासाठीं कांहीं द्रव्येंहि मिसळलेलीं असतात. तें कितीहि उकळलें तरी तेल सोडीत नाहीं. मग वाटण परतलें न जातां नुसतें दुधांत कालवलें जातें आणि कच्चें राहतें. तो कच्चेपणा झांकण्यासाठीं साखर, पातळपणा झांकण्यासाठीं मक्याचें पीठ, आणि फिकटपणा झांकण्यासाठीं पालक! एका चुकीच्या पाठोपाठ तीन चुका येतात.

परंतु सारा दोष स्वयंपाक्याच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. एका गिऱ्हाइकानें कपीच्या वासाची तक्रार केली, दुसऱ्यानें तिखट कमी करविलें, तिसऱ्यानें रस्सा दाट नाहीं म्हणून परत पाठविला. या तिघांच्या आज्ञा एकत्र केल्या कीं वर वर्णिलेली खीर तयार होते. स्वयंपाक्याला दुकान चालवावयाचें असतें. गिऱ्हाइकाची जीभ जें मागते तेंच त्याच्या कढईंत शिजतें.

उलट, तयार वाटणाला नांवें ठेवण्याची जी एक नवी ऐट आहे, तीहि फोल आहे. बँकॉकच्या बाजारांत ताज्या वाटणांच्या राशी मांडलेल्या असतात, आणि तेथील गृहिणी त्या खुशाल वजनावर विकत घेतात. ‘खाव गेंग’, म्हणजे भात-कालवण, विकणाऱ्या साध्या दुकानांत पातेलीं सकाळींच शिजवून ठेवतात आणि गिऱ्हाइकानें बोट दाखवावें तें कालवण भातावर वाढतात. मागणी येतांच पांच मिनिटांत रांधलेली करी हीच ताजी, हा हट्ट थाई माणसाचा नव्हे.

परदेशांत अस्सल चव टिकवितां येते, याला दाखले आहेत. डेव्हिड थॉम्प्सन या ऑस्ट्रेलियन पाककुशलानें २००१ सालीं लंडनमध्यें ‘नाम’ हें उपाहारगृह काढलें, आणि पुढच्याच वर्षीं त्याला मिशेलिनचा तारा मिळाला. थायलंडांत अंत्यविधीच्या वेळीं मृताच्या स्मरणार्थ पुस्तिका वांटण्याची चाल आहे, आणि कित्येक पुस्तिकांत त्याच्या घरच्या पाककृति छापलेल्या असतात. थॉम्प्सननें जुन्या रीती शिकतांना अशा पुस्तिकांचा आधार घेतला. मुंबईंतहि कफ परेडवरील प्रेसिडेंट हॉटेलांत १९९३ सालीं ‘थाय पॅव्हिलियन’ सुरू झालें, आणि शहरांतील पुष्कळांना या पाकाची पहिली ओळख तेथें झाली.

मग सामान्य खवय्यानें शोध करावा तो कसा? फलकाकडे पाहून नव्हे, ताटाकडे पाहून. रश्शावर मिसळीच्या कटासारखा पातळ तवंग दिसतो काय, हें प्रथम पाहावें; दिसल्यास वाटण परतलें गेलें आहे असें समजावें. हिरवा रंग मंद असावा, भडक नसावा. रस्सा भातांत मुरावा, चमच्याला चिकटूं नये. पहिल्या घासांत खारट आणि तिखट लागावें. गोडी मागाहून यावी. ढोबळी मिरचीऐवजीं लहान गोल वांगीं दिसलीं तर आशेला जागा आहे. आणि एवढें करून संशय राहिल्यास सरळ विचारावें, “दूध ताज्या नारळाचें कीं डब्यांतलें?” हा प्रश्न पुनःपुन्हां कानांवर आला म्हणजे स्वयंपाकीहि विचार करूं लागतो.

दुसरा एक प्रश्न मात्र चवीहून मोठा आहे, आणि तो महाराष्ट्रांत विशेष महत्त्वाचा आहे. नुसत्या भाज्या घातल्यानें ही करी शाकाहारी होत नाहीं. वाटणांत कपी आणि रश्शांत नाम प्ला असूं शकतें. ज्यानें जन्मांत मासा खाल्ला नाहीं त्याच्या ताटांत तो नकळत वाढणें ही फसवणूक होय; आणि ज्याला कोळंबी सोसत नाहीं त्याच्या तर तें जिवावरहि बेतेल. कपी वगळून, तिच्या जागीं आंबविलेलें सोयाबीन घालून चविष्ट कालवण करतां येतें. तें निराळें असतें, खोटें नसतें. खोटें तें, जें एक सांगून दुसरें वाढतें.

म्हणून चांगल्या थाई कालवणाचा शोध हा गल्लोगल्लीं हिंडून संपणारा नव्हे. तो निम्मा उपाहारगृहांत आणि निम्मा खाणाऱ्याच्या जिभेवर चालतो. विचारणारें गिऱ्हाईक आणि खरें उत्तर देणारा स्वयंपाकी ज्या दिवशीं समोरासमोर येतात, त्या दिवशीं कढईंतलें दूध आपोआप फुटूं लागतें.