तिकीट कुणासाठी?

मैत्रिणींनो, आज मी दोन तिकिटांची गोष्ट सांगणार आहे.

पहिलं विमानाचं. इस्रायलच्या एल अल कंपनीत कर्मचाऱ्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला सवलतीचं तिकीट मिळे. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या स्त्री-पुरुषांनाही मिळे. जोनाथन डॅनिलोविट्झ यांनी ते आपल्या पुरुष जोडीदारासाठी मागितलं. कंपनी नाही म्हणाली. १९९४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. तिकीट सोबत राहणाऱ्या माणसासाठी आहे, मग तो माणूस बाई की पुरुष यानं काय फरक पडतो?

दुसरं रेल्वेचं. इंग्लंडमध्ये लिसा ग्रँट रेल्वे कंपनीत नोकरीला होती. तिच्या आधी त्याच जागेवर असलेल्या पुरुषाला, लग्न न केलेल्या जोडीदारणीसाठी प्रवासाची सवलत होती. लिसानं आपल्या जोडीदारणीसाठी मागितली, तर नाकारली. १९९८ मध्ये युरोपीय न्यायालयानंही कंपनीचंच खरं मानलं. का? तर पुरुषानं पुरुषासाठी मागितली असती, तरी नाकारलीच असती!

दोघांना सारखंच उपाशी ठेवलं, तर ती समानता होते का?

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. तरी आपापल्या कचेरीची, युनियनची नियमावली काढून बघा. ‘कुटुंब’ म्हणजे कोण, असं लिहिलंय? तो शब्द बदलून मागता येतो. एल अलचं तिकीट लग्नाविनाच मिळालं होतं.